जिवाणूंना ऑटो बसवणारी पोरं

खेड्यातल्या शाळेत विज्ञान शिकवणं म्हणजे बहुतेक वेळ 'समजा' शिकवणं. समजा, हा सूक्ष्मदर्शक चालू आहे. समजा, या बाटलीत आम्ल आहे. समजा, लिटमस निळा झाला. नोकरीची सगळी वर्षं मी हे 'समजा' फळ्यावर लिहिलं आणि पोरांनी ते वहीत उतरवून घेतलं. परीक्षेतही समजाच विचारायचे, त्यामुळे निकालाला काही अडचण आली नाही.

अंकासाठी आठवणी लिहा असा निरोप आला तेव्हा मी आधी नाहीच म्हटलं. बदल्या आणि वेतनश्रेणी कुणी वाचू नयेत, आणि प्रयोगशाळा म्हणावी तर आमच्याकडे एक खोली आणि एक कपाट. कपाटातल्या निम्म्या बाटल्यांची नावं पुसलेली. गावातले एक म्हातारे बैलाच्या खुराला लावायला मोरचूद मागायला यायचे आणि मी दिला नाही तर हेडसरांकडे माझी तक्रार करायचे. असल्या गमती पुष्कळ आहेत. पण निवृत्तीनंतर दुपारी पडल्या पडल्या जे आठवतं ते यातलं नाही. एकाच वर्षाचं आठवतं. तेच लिहिते.

हिंगोली जिल्हा वेगळा होऊन पाचसहा वर्षं झाली असतील. मी हिंगोलीत राहत होते. सकाळी सेनगावपर्यंत बस, तिथून साखऱ्याकडे जाणाऱ्या काळीपिवळी जीपमध्ये दहाव्या बाराव्या माणसाच्या मांडीला मांडी लावून पुढे. गावाचं नाव घालत नाही, शाळेचंही नाही. माणसं अजून आहेत तिथं.

त्या वर्षी दिवाळीच्या सुट्टीनंतर माझा एक जुना विद्यार्थी, अनंता, शाळेत भेटायला आला. मोठ्या शहरात जैवतंत्रज्ञान शिकत होता. माझा नववीचा तास होता. मी त्याला म्हटलं, तूच बोल काहीतरी, माझा घसा बसलाय. खरं तर घसा बसला नव्हता, त्या दिवशी मला उभं राहायचा कंटाळा आला होता.

तो सिंथेटिक बायॉलॉजी म्हणाला तेव्हा वर्ग नुसता बघत राहिला. मग त्यानं खडू घेतला आणि शेतातल्या मोटारीचा स्टार्टर काढला. आमच्याकडे लाईट कधी येईल याचा भरवसा नसल्यानं प्रत्येक विहिरीवरच्या स्टार्टरला ऑटो बसवलेला असतो. लाईट आली की माणूस नसला तरी मोटार आपोआप सुरू होते. अनंता म्हणाला, जिवाणूच्या पोटात असेच स्टार्टर असतात. एखादी गोष्ट आली की अमुक काम सुरू, गेली की बंद. आता शास्त्रज्ञ एका जिवाणूतला स्टार्टर काढून दुसऱ्यात बसवतात, आणि मोटारीच्या जागी रंगाचा दिवा जोडतात. म्हणजे पाण्यात विष आलं की जिवाणू निळा. जिवंत वस्तूचे सुटे भाग घेऊन नवी जुळणी करायची. कॉलेजातली पोरं त्याच्या टीम करतात, परदेशात तर शाळेतलीही करतात.

शेवटच्या बाकावरून कौशल्या उठली. शेळ्यामेंढ्या राखणाऱ्या घरातली पोर. उंच, सावळी, वर्गात क्वचित बोलायची. तिनं विचारलं, "मग आपली टीम काहून न्हाई?"

अनंता हसला आणि माझ्याकडे बघू लागला. मीही हसले. पण ती बसली नाही. उत्तर मिळेपर्यंत ती उभीच राहिली, आणि शेवटी मी म्हणाले, करू या.

टीम पाच जणांची झाली. तीन मुली, दोन मुलं. त्यातला गजानन वायरी जोडण्यात हुशार होता, घरचा स्टार्टर तोच उघडायचा. काय बनवायचं हे कौशल्यानंच सांगितलं. उन्हाळ्यात ओढा आटला की डबक्यात जे पाणी उरतं ते मेंढरं पितात आणि मग त्यांची पोटं बिघडतात. डबकं बघून चांगलं की वाईट कळत नाही. त्यात सोडला की रंग बदलणारा जिवाणू पाहिजे. मी तो विषय फळ्यावर लिहिला आणि पहिल्यांदाच त्याच्या आधी समजा लिहिलं नाही.

अनंताच्या प्राध्यापकांना आम्ही पत्र लिहिलं. पाचही जणांच्या सह्या. दीड महिन्यानं उत्तर आलं, सोबत पेंढ्यात गुंडाळलेल्या, झाकणाच्या चपट्या काचेच्या ताटल्यांचं एक खोकं. प्राध्यापकांनी दोन पानं हातानं लिहिली होती. बदल केलेला जिवाणू शाळेत पाठवता येत नाही, त्याला कायदा आहे आणि तो कायदा योग्य आहे. पण आधी जिवाणू वाढवायला शिका. दह्यातला एक जिवाणू घ्या, त्यात दुसरं काही मिसळू न देता एका ताटलीतून दुसरीत, दुसरीतून तिसरीत अशा दहा पिढ्या शुद्ध ठेवा. प्रत्येक पिढीची नोंद ठेवा. जमलं तर मे महिन्यात दोघांना आमच्या प्रयोगशाळेत आठवडाभर बोलावतो, आणि तो तुमचा ऑटो ते स्वतःच्या हातानं बसवतील.

बाहेरच्यांना हे सोपं वाटेल. दही तर घरोघर लागतं. पण दह्यात एक जिवाणू नसतो, गाव असतं. त्यातलं एकच घर वेगळं काढायचं आणि ते वेगळंच ठेवायचं. त्यासाठी जिवाणूला खायला घालायचं, आणि ते खाणं आधी उकळून असं करायचं की त्यात आणखी कुणी जिवंत उरू नये. हवेत, हातावर, श्वासात सगळीकडे दुसरे वाट बघत असतात. तारेचं टोक ज्योतीत लाल करायचं, गार होऊ द्यायचं, एका ठिपक्याला लावायचं आणि नव्या ताटलीवर ओढायचं. खोलीत कुणी बोलायचं नाही. पंखा नाही. वर्गात पन्नास मिनिटं गप्प न बसणारी पोरं तिथं श्वास धरून बसायची.

खाणं म्हणून दूध आणि ते घट्ट करायला चायना ग्रास. चायना ग्रास हिंगोलीत मिळाला. दुकानदारानं घरी काय कार्यक्रम आहे विचारलं. उकळायला माझ्या घरचा कुकर आणि शाळेचा रॉकेलचा स्टोव्ह. ऊब द्यायला गजाननानं थर्माकोलच्या खोक्यात चाळीसचा बल्ब बसवला. लाईट गेली की खोकं थंड पडायचं, तेव्हा कौशल्याच्या बापानं, मारोतरावांनी, दिलेलं घोंगडं त्यावर लपेटायचं आणि आत गरम पाण्याच्या बाटल्या ठेवायच्या. थंडीच्या दिवसांत सकाळी आमची जीप उशिरा पोचली तर पोरं आधीच येऊन बाटल्या बदलून बसलेली असायची.

पहिल्या तीन वेळा ताटल्यांवर हिरवी बुरशी आली. चौथ्या वेळी स्वच्छ पांढरे ठिपके आले, सगळे एकसारखे. कौशल्यानं तिथून पिढ्या मोजायला सुरुवात केली. तिच्या वहीत प्रत्येक पिढीला अर्धं पान होतं. तारीख, वेळ, लाईट किती तास गेली, ठिपके किती, नष्ट केलेल्या ताटल्या किती आणि कारण. कारणाचा रकाना तिनंच घातला होता. "गजाननानं शिंक दिली" असंही एक कारण त्यात आहे.

जानेवारीच्या शेवटी ती एका बाटलीत ओढ्यातल्या डबक्याचं पाणी घेऊन आली. हे आपल्या कामात नाही असं मी सांगायला पाहिजे होतं. पण मलाही बघायचं होतं. एका ताटलीवर त्याचा एक थेंब पसरला. दुसऱ्या दिवशी त्यावर पिवळं, गुलाबी, करडं, चिकट असं कायकाय उगवलं होतं. पोरं हरखून गेली. नंतर नियमाप्रमाणे ती ताटली कुकरमध्ये घालून उकळायला ठेवली. मध्येच स्टोव्हमधलं रॉकेल संपलं. एक शिट्टी झाली होती की नाही, मला नक्की आठवेना. माझी परतीची जीप उभी होती. झालं असेल म्हणून मी ते पाणी शाळेच्या मागं, कडुनिंबाखाली ओतायला सांगितलं आणि निघाले.

फेब्रुवारी संपता संपता गावात शेळ्या मरायला लागल्या.

आधी नाक गळायचं, मग तोंडात फोड, मग हगवण, आणि चारपाच दिवसांत शेळी आडवी. कौशल्याच्या घरच्या शेळ्यांनाही लागण झाली. ती शाळेत यायची, पण तिच्या ओढणीला शेळ्यांचा वास असायचा आणि डोळे सुजलेले. सातवी पिढी झाली होती. आठवी तिनंच ओढली.

मग गावात बोलणं सुरू झालं. शाळेत बाई रोगाचे किडे पाळून राहिल्या. पोरायच्या हातानं वाढवून राहिल्या. हे मला जीपमध्ये कळलं, एका बाईनं दुसरीला सांगितलं तेव्हा. मी कोण ते तिला ठाऊक नव्हतं.

दोन दिवसांनी पंधरावीस माणसं शाळेत आली. पुढं शाळा समितीचे संभाजीराव. गावातले मोठे शेतकरी, भांडखोर माणूस नव्हे. शाळेला पत्रे घालताना स्वतः उभे राहिलेले. त्यांच्या घरच्याही चार शेळ्या गेल्या होत्या. मागं कौशल्याचा चुलता होता. मारोतराव आले नव्हते. हेडसरांनी मला बोलावलं तेव्हा त्यांच्या कपाळावर घाम होता. निवृत्तीला त्यांचं एक वर्ष उरलं होतं, त्यांना दोष देत नाही.

मी समजावून सांगितलं. हा दह्यातला जिवाणू आहे, तुम्ही रोज खाता तो. ताटली आणून दाखवली. वास घ्या म्हटलं. दोघातिघांनी घेतला, दह्याचाच वास होता. माणसं थोडी सैल झाली. त्या वेळी मला वाटलं, निभावलं.

संभाजीराव शांतपणे म्हणाले, "बाई, तुमी शिकलेल्या. आमाला कायी समजत न्हाई. तुमी फक्त लिहून द्या, का या खोलीतून शेळ्यायला कायी झालेलं न्हाई. मंग आमी जातो."

कागद पुढं आला, हेडसरांचं पेनही आलं. आणि मला ते रॉकेल संपलेलं आठवलं. कडुनिंबाखाली ओतलेलं पाणी आठवलं. त्याच कडुनिंबाखाली दुपारी गावातल्या शेळ्या बसायच्या.

आज मला ठाऊक आहे की त्याचा काही संबंध नव्हता. शेळ्यांचा तो रोग विषाणूचा. विषाणू जिवंत पेशीशिवाय वाढत नाही, दुधाच्या आणि चायना ग्रासच्या ताटलीवर तो उगवूच शकत नाही. शिवाय ते पाणी गावातलंच, शेळ्या ते रोज पीत होत्या. पण त्या दिवशी कोणता रोग आहे हे कुणालाच माहीत नव्हतं, आणि नववीच्या पुस्तकात विषाणूंवर दीड पान होतं. इतकी वर्षं मी तेवढंच शिकवत आले होते. मी पोरांना शिकवलं होतं की खात्री नसेल तर खात्री आहे असं लिहायचं नाही. मी पेन धरून बसले. अर्धं मिनिट असेल. पंधरावीस माणसं माझ्या हाताकडे बघत होती.

त्या अर्ध्या मिनिटात सगळं संपलं. मी लिहिलं नाही म्हणजे काहीतरी आहे, असा अर्थ झाला. मागून कुणीतरी म्हणालं, बघा. मी पेन खाली ठेवलं आणि म्हणाले की आम्ही सगळं नष्ट करतो, तुमच्यासमोर करतो.

हे प्रामाणिकपणानं केलं की भिऊन, हे मी स्वतःला पुष्कळदा विचारलं आहे. लिहून न देणं प्रामाणिकपणाचं होतं असं मला वाटतं. पण "मला खात्री नाही, जनावरांच्या डॉक्टरांना बोलवा, तोवर खोलीला कुलूप लावा" असंही म्हणता आलं असतं. ते मला सुचलं नाही. सुचलं असतं तरी बोलले असते का, सांगता येत नाही. मला घरी जायचं होतं. त्या क्षणी माझ्या मनात इतकंच होतं.

ताटल्या कुकरमध्ये घातल्या. या वेळी स्टोव्ह काठोकाठ भरला. शिट्ट्या माणसांनी मोजल्या. टीमची पोरं भिंतीला टेकून उभी होती. कौशल्या एकदाच पुढं आली आणि हळूच म्हणाली की एक ताटली राहू द्या, मी घरी नेत नाही, इथंच कपाटात राहील. मी नकारार्थी मान हलवली. सगळं मैदानाच्या कडेला खड्डा करून पुरलं आणि माणसं गेली.

मग ती वही घेऊन माझ्याकडं आली. आठव्या पिढीचं पान उघडलेलं. तारीख, वेळ, ठिपके सगळं भरलेलं.

"बाई, कारण काय लिवू?"

मी म्हटलं, राहू दे. ती उभीच राहिली, अनंता आला त्या दिवशी राहिली होती तशी. मी पर्स उचलली आणि जीपकडे चालायला लागले.

दहाबारा दिवसांनी तालुक्याहून जनावरांचे डॉक्टर आले. त्यांनी बघता क्षणी रोगाचं नाव सांगितलं. एका शेळीकडून दुसरीला लागतो, बाजारातून आणलेल्या जनावरांबरोबर गावात येतो. आजूबाजूच्या चार गावांत तोच होता, तिकडं शाळेत कुणी ताटल्या ठेवल्या नव्हत्या. उरलेल्या शेळ्यांना लस टोचली. शाळेत येऊन कुणी काही बोललं नाही. संभाजीराव रस्त्यात भेटले की पूर्वीपेक्षा जास्त अदबीनं नमस्कार करायला लागले, तेवढंच.

फक्त मारोतराव आले. शाळेच्या ओट्यावर मधल्या सुट्टीत बसले, पागोटं मांडीवर. त्यांच्या चोवीस शेळ्यांतल्या सात उरल्या होत्या. ते म्हणाले, पोरगी जेवायना. मी म्हटलं, शेळ्यांमुळं असेल. ते म्हणाले, "शेळ्या गेल्या तवा जेवत व्हती, बाई. ते तुमचं बंद झालं तवापसून न्हाई." मग म्हणाले की पुन्हा सुरू करा, गावाला मी बघतो. एकट्या, गरीब माणसानं गावाला बघतो म्हणणं सोपं नसतं. मी परीक्षा जवळ आल्याचं सांगितलं. ते खरंही होतं.

मला न सांगता कौशल्यानं ती वही प्राध्यापकांना पोस्टानं पाठवली होती. एप्रिलच्या शेवटी त्यांचं पत्र आलं. दहा पिढ्या झाल्या नाहीत, पण आठ पिढ्यांच्या अशा नोंदी माझ्या कॉलेजातली मुलंही ठेवत नाहीत, दोघांना घेऊन या. मुलीबरोबर बाई असेल तरच घरचे पाठवणार होते. मी गेले. ही एक गोष्ट मी केली, तेवढी लिहून ठेवते.

कौशल्या आणि गजानन प्रयोगशाळेत पहिला दिवस भिंतीलगत उभे राहिले. दुसऱ्या दिवशी त्यांना पांढरे कोट दिले, कौशल्याचा कोट तिला आखूड झाला. प्राध्यापक स्वभावानं कोरडे, पण शिकवताना घाई न करणारे. ऑटोचा नमुना त्यांच्याकडे तयार होता. नव्या वाढलेल्या जिवाणूंना बर्फात ठेवायचं, मग क्षणभर गरम पाण्यात, म्हणजे त्यांच्या अंगाला फटी पडतात आणि नवा भाग आत शिरतो. मग ते दोन ताटल्यांवर पसरायचे. एकीत स्टार्टर चालू करणारं द्रव्य, दुसरीत नाही. जमलं तर पहिलीत निळे ठिपके, दुसरीत पांढरे.

दोघांनी केलं. दुसऱ्या दिवशी दोन्ही ताटल्या कोऱ्या. एकही ठिपका नाही. गजाननाचा चेहरा पडला. कौशल्यानं प्राध्यापकांना कारण विचारलं. त्यांनी पाच शक्यता सांगितल्या आणि यातली कोणती ते मला माहीत नाही म्हणाले. तिनं पाचही लिहून घेतल्या. एवढा मोठा माणूस माहीत नाही म्हणाला, आणि त्यानं काही बिघडलं नाही, खोली तशीच राहिली, काम पुढं चाललं. मी कोपऱ्यातल्या स्टुलावर बसून ते बघत होते आणि मला माझ्या हातातलं ते पेन आठवत होतं.

शेवटच्या दिवशी त्यांनी पुन्हा सगळं केलं, पण ठिपके उगवायच्या आत आमची गाडी होती. निकाल न बघताच आम्ही परत आलो. तीन दिवसांनी गावातल्या किराणा दुकानातल्या फोनवर प्राध्यापकांचा निरोप आला. दुकानदारानं चिठ्ठीवर उतरवून घेतला, "चार निळे, दुसरीकडं अकरा पांढरे, कौशल्याला सांगा." त्याला वाटलं सोयरिकीच्या कपड्यांचं काहीतरी आहे. मारोतरावांनी ती चिठ्ठी तिला नेऊन दिली. त्यांना अर्थ कळला नाही, पण पोरगी त्या दिवशी दोनदा जेवली, हे त्यांनी मला जूनमध्ये सांगितलं.

कौशल्या हिंगोलीत बी. एस्सी. झाली. आता एका माती परीक्षणाच्या प्रयोगशाळेत आहे. वर्षातून एकदोनदा फोन करते, जास्त माझ्या गुडघ्यांचीच चौकशी करते. गजानन मोटारी दुरुस्त करतो. डबक्याचं पाणी ओळखणारा जिवाणू आमच्या हातून झाला नाही. कुठं तसलं काही होत असेल तर कौशल्याला माहीत असेल, मला नाही.

त्या जूनमध्ये शाळा उघडली, तेव्हा गावात राग उरला नव्हता. उलट दोन पोरं शहरात जाऊन आली याचा थोडा अभिमानच होता. खोली होती, खोकं होतं, उरलेल्या ताटल्या धुऊन ठेवलेल्या होत्या. पहिल्याच आठवड्यात नव्या नववीतल्या तीन मुली मधल्या सुट्टीत प्रयोगशाळेच्या दारात येऊन उभ्या राहिल्या. एकमेकींना ढकलत होत्या. शेवटी एक म्हणाली की बाई, टीममध्ये आमचं पण नाव घ्या.

मी वह्या तपासत होते. वर न बघता म्हणाले, या वर्षी अभ्यासक्रम मोठा आहे, पुढं बघू. त्या बरं म्हणाल्या आणि गेल्या. पुढच्या वर्षी त्या दहावीत गेल्या, मी विचारलं नाही, त्यांनीही विचारलं नाही.

माझ्या हाताखालून गेलेल्या पोरांची नावं मला आजही बरीच आठवतात. त्या तिघींची आठवत नाहीत. त्या दिवशी मी ती विचारलीच नव्हती.